घरची साक्ष

सासूबाईंनी इस्त्री उभी केली, कॉलरवरचा हात काढला आणि दुकानाच्या दारातल्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तोच तो. गेल्या वर्षी आला होता तोच चौकशीचा माणूस, काखेत तीच जाड फाईल.

"ओळखलंत का?" त्याने विचारलं.

"बाहीवरून ओळखलं. एका बाहीला दोन घड्या! कोण करतं हो तुमची इस्त्री?"

"मीच करतो."

"दिसतंय."

त्यांनी पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

सून पाणीखात्यात इंजिनिअर. सैन्याच्या राखीव दलात अधिकारी व्हायचं तिच्या डोक्यात शिरलं, त्याला तीन वर्षं झाली होती. आपली नोकरी सांभाळायची, वर्षातले काही आठवडे वर्दी घालून शिकायचं आणि बोलावणं आलं की जायचं, असा तो प्रकार. पहिल्या वर्षी ती धावण्यात मागे पडली. दुसऱ्या वर्षी सगळं पार करून शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली आणि नकाराचं पत्र आलं. कारण काही दिलेलं नव्हतं. हे तिसरं वर्ष. वयाच्या अटीमुळे शेवटचंच.

दुसऱ्या वर्षीचं ते पत्र सासूबाईंच्या मनात रुतून बसलं होतं. त्याच्या महिनाभर आधी सैन्याकडून आलेला हाच माणूस याच स्टुलावर बसून विचारत होता, सून कशी आहे म्हणून. आणि सासूबाईंनी आपल्या रीतीप्रमाणे उत्तर दिलं होतं. आपल्या माणसाचं कौतुक परक्यापुढे करायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. त्यांच्या आईने त्यांचं कधी केलं नाही, त्यांनी मुलाचं केलं नाही. मुलाला बोटीवर बढती मिळाली तेव्हाही शेजारणींना त्या एवढंच म्हणाल्या, "पाण्यात पडला नाही म्हणजे मिळवली." ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. शेजारणी घेतही असत. या माणसाने मात्र शब्द न् शब्द लिहून घेतला. हेकट आहे. कुणाचं ऐकत नाही. घरात लक्ष नाही.

वर्षभर हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

या खेपेला मात्र तयारी होती. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून चार चांगले शब्द मागून आणले होते आणि आठ दिवस कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता ते घोकले होते.

"तर," माणसाने फाईल उघडली, "सूनबाईंबद्दल सांगा."

"सुशील आहे. नम्र आहे." त्यांनी घसा खाकरला. "आज्ञाधारक आहे."

त्याने लिहिलं. मग मान वर केली.

"तीच सून ना?"

"मग काय, दर वर्षी नवी आणते की काय मी?"

तो हसला नाही. "आज्ञाधारकपणाचा एखादा प्रसंग सांगा."

प्रसंग. सासूबाई आठवू लागल्या आणि आठवलं ते भलतंच. पहिल्या वर्षीची ती पहाट. सून धापा टाकत कोपऱ्यावरून वळतेय आणि आपण गजराचं घड्याळ हातात धरून दुकानाच्या पायरीवर उभ्या. "म्हैस बरी गं तुझ्यापेक्षा!" असं ओरडायचं आणि ती लांबूनच म्हणायची, "आई, हसवू नका, पोटात दुखतं!" पुढच्या थंडीत तीच कोपऱ्यावरून अशी सुसाट यायची, की ओरडायला तोंड उघडेपर्यंत पायरीपाशी हजर.

आणि संध्याकाळचा तो अभ्यास. सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पुस्तकातलं एक अक्षर त्यांना धड लागत नसे. सून म्हणायची, "मी उत्तरं म्हणते, तुम्ही नुसतं ऐका." कुठे ती ठोकून देतेय, ते त्यांना आवाजावरून कळायचं. इस्त्री थांबायची. "हे तुला येत नाही." पुस्तकात बघावं तर खरंच येत नसायचं. पुलांची वजनं, नकाशावरच्या उंचीच्या रेषा, सगळं त्या ओल्या कापडाच्या वाफेत त्यांच्या कानांवरून गेलं होतं. सैन्यातले हुद्दे तर त्या झोपेतसुद्धा ओळीने म्हणू शकल्या असत्या. मुलगा आठ-आठ महिने समुद्रावर, घरात दोनच बायका, आणि तरी ही तीन वर्षं घर कसं भरल्यासारखं होतं. सून पास झाली तरी ते संपणार होतं, नापास झाली तरी.

"आजी, प्रसंग?"

"खोडा ते."

"काय?"

"आज्ञाधारक. खोडा. अकरा वर्षांत तिने माझी एक आज्ञा पाळली असेल तर हे दुकान तुमच्या नावावर करते!" आता त्यांना थांबवणं त्यांच्याही हातात राहिलं नाही. "गेल्या थंडीत पाण्याची मोठी लाइन फुटली. हिला ताप. अंगावर कपडा टाकला असता तर इस्त्री झाली असती, असा ताप. मी दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. म्हटलं, गेलीस तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस. गेली मागच्या खिडकीतून! दोन दिवस त्या खड्ड्यात उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं आणि पाण्यामागोमाग ही आली, नुसता चिखलाचा गोळा. मी तोंड फिरवून बसले. तर म्हणते कशी, 'आई, नळ बंद करा, वाया जातंय.' ही अशी आहे. एकदा धरलं की सोडत नाही. अहो, माझ्यासारखीच्या हाताखाली अकरा वर्षं टिकली, आणखी कसला प्रसंग हवाय तुम्हाला?"

माणूस भराभर लिहीत होता. पान उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"ते दाखवता येत नाही, आजी."

त्याने फाईल मिटली, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून गेला. त्याची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा सासूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुन्हा तेच. आठ दिवस घोकून पुन्हा तेच करून बसले. त्या दारापर्यंत धावल्या, पण हाक मारून आता काय सांगणार?

संध्याकाळी सून आली.

"आला होता का तो चौकशीवाला?"

"आला होता. तू बस आधी."

सासूबाईंनी असं कधी म्हटलं नव्हतं. सून उभीच राहिली. मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, आजचंही आणि गेल्या वर्षीचंही. शेवटी म्हणाल्या, "मीच घालवलं तुझं. एकदा नाही, दोनदा."

सून खुर्चीत टेकली आणि बुटांचे बंद सोडू लागली.

"गेल्या वर्षीचं मला माहीत आहे, आई. मुलाखतीत वाचून दाखवलं त्यांनी."

"आणि वर्षभर माझ्यासमोर बसून मुकाट जेवत होतीस?"

"त्यांनी विचारलं, घरचीच माणसं असं म्हणतात, तुमचं काय म्हणणं? मी म्हटलं, त्यांचं खरं आहे."

"खरं कशाला म्हणालीस, गधडे! सांगायचं, म्हातारी भ्रमिष्ट झालीय."

"तुम्हाला चाललं असतं?"

सासूबाईंना चाललं नसतं.

"मग त्याच्यावरूनच नाही म्हणाले का?"

"ते कधी सांगत नाहीत."

"अगं, मग या वर्षी तरी मास्तरीणबाईंचं नाव द्यायचंस! दुसऱ्या कुणाचं चालतं ना?"

"चालतं." सुनेने एक बूट काढून बाजूला ठेवला. "पण अर्जात विचारलंय, तुम्हाला सगळ्यांत जास्त कोण ओळखतं. मास्तरीणबाईंना मी नम्र वाटते."

सासूबाईंनी उगीचच टेबलावरची चादर दोन्ही हातांनी सारखी केली. सारखीच होती ती.

"आणि नातं काय लिहिलंस? आई-बिई लिहून ठेवलं नाहीस ना?"

"सासू लिहिलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आईच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो!"

निकालाला अजून सात आठवडे होते, तेवढाच संध्याकाळचा अभ्यास उरला होता, आणि सासूबाईंना ते आठवडे कमीच वाटले.