शहबा गप्प झाली

दुपार कलली, असरची अजान झाली की शहबा फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि मान वर करून अशी खिंकाळायची, की साऱ्या वस्तीला कळावं, मीलूद आला. मीलूद साखर कारखान्यातून फटफटीवर याच वेळी घरी यायचा. पण तो गेल्या वर्षीच्या जत्रेतच दगावला होता. जत्रेतल्या खेळात घोडेस्वारांची रांग दौडत आली, बंदुकांचा बार उडाला, ही बुजली आणि तो हिच्याच पाठीवरून खाली आला. फटफटी तेव्हापासून अंगणात गोणपाटाखाली पडून होती. आता हे घोडीला कोण सांगणार!

मीलूदचा बाप मक्की एक वेळ घोडीचं सोसत होता. त्याला सोसत नव्हती ती यामना, त्याची बायको. घोडी खिंकाळली की ही बाई किटली चढवायची, पुदिना खुडायची आणि तीन पेले मांडायची.

"अगं, दोनच माणसं आपण."

"मग ती घोडी काय वेडी आहे?" यामना म्हणायची आणि तिसरा पेला फडक्याने पुसायची.

घोडी विकायचं नाव काढलं तर यामनाने जेवण सोडलं. शेवटी घोडीला गप्प करायला मक्की जनावरांच्या डॉक्टरला, तुहामीला, घेऊन आला.

"काका, मी हे शर्यतीच्या घोड्यांना देतो. पाय दुखावला, महिनाभर कोंडून ठेवायचा असला की," तुहामी म्हणाला. "तेलातलं औषध आहे. मानेत टोचलं की अंगात हळूहळू झिरपत राहतं. उद्या काढा म्हणाल तर निघायचं नाही. आणि एखादं जनावर शांत व्हायचं सोडून आतून तळमळतं, तेही सांगून ठेवतो."

"यामनाची आशा तुटायला हवी, डॉक्टर. तेवढं झालं की पुरे."

"मग तुम्ही भलत्याच जिवाला सुई टोचताय," तुहामी पुटपुटला. पण टोचली.

औषध भिनलं तशी शहबा भिंतीकडे तोंड करून, खालचा ओठ लोंबवत उभी राहायला लागली. अजान झाली, संपली. यामना हातात काडेपेटी घेऊन दारात उभी होती.

"आज उशीर झाला त्याला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मग बोलायचीच बंद झाली. भाकऱ्या थापायची, मक्कीपुढे ताट सारायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. चहा कोणी मागितला नाही, कोणी केला नाही. मक्कीला हवं होतं ते झालं, आणि घर त्याला खायला उठलं.

त्यातून घोडीला तळमळ लागली. एकाच जागी पुढचा खूर घासायची, गोल गोल फिरायची, घामाने भिजायची. तोंडातून आवाज मात्र नाही. असरच्या सुमाराला मक्की हातातलं काम टाकून कान लावून बसायचा. आपणही रोज वाटच बघत होतो, हे त्याला तेव्हा कळलं आणि तो स्वतःलाच भ्याला.

तो तुहामीकडे धावला. "काढा ते औषध."

"चहात विरघळलेली साखर काढता येते का, काका? थांबा. उतरेल हळूहळू."

थांबवेना. एके दुपारी त्याने गोणपाट ओढलं, फटफटी वळणापर्यंत ढकलत नेली, पेट्रोल घातलं आणि लाथा मारून मारून चालू केली. हा आवाज तरी घोडी ओळखेल. एकदाच खिंकाळू दे, मग यामना उठेल, किटली चढवेल, मांडू दे तिला खुशाल तीन पेले. अजान होत असताना तो फाटकाशी येऊन थांबला.

शहबाने मान वर केली नाही. तिचा खूर घासतच राहिला.

घरात मात्र पेला खणकला. यामना अनवाणी धावत आली, हात पिठाने भरलेले, डोक्यावरचं फडकं गळून पडलेलं. वर्षभरात मक्कीने तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"किती रे उशीर केलास," ती म्हणाली, आणि मग तिला मक्की दिसला.

फटफटी चालूच होती. ती बंद करायला मक्कीचा हात होईना.