दुधावर वाढलेला भुंग्या

मी एक धनगरी कुत्रा आहे, मित्रांनो. कवठे महांकाळच्या माळावर एका झोपडीबाहेर मी पडलेला असतो. माझे केस दाट आणि काळेभोर आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी धडधाकट वाटतो. पण मला आता कोणी कामाला नेत नाही.

१९९१च्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. आई साप चावून मेली तेव्हा माझे डोळेही उघडले नव्हते. मेंढपाळ कोंडीबाच्या बायकोने, हरणाबाईने, मला पदरात उचलले. शेळीच्या दुधात चिंधी भिजवून ती माझ्या तोंडात धरायची. त्या दुधावर मी जगलो. तिला मूलबाळ नव्हते. "ह्यो भुंग्या माजं लेकरू हाय," असे ती सगळ्यांना सांगायची.

मोठा झालो तसा मेंढरांमागे जाऊ लागलो. वाळक्या कुसळांवर लांडग्याचा पाय पडला की मला ते ऐकू यायचे. माझे कान उभे राहिले की कोंडीबा काठी उचलायचा. "माज्या भुंग्याचं कान लय तिखट," तो इतर मेंढक्यांना सांगायचा.

तिसऱ्या वर्षी खाज सुरू झाली. आधी पायांच्या बोटांत, मग पोटाला, मग कानांत. मी पाय चावत बसायचो, दगडाला अंग घासायचो. पावसाळा गेला, थंडी गेली, खाज गेली नाही. केस झडले, कातडी जाड झाली, कानांतून घाण वास येऊ लागला. "खरूज हाय," लोक म्हणाले. कोंडीबाने लिंबाच्या पाल्याचे पाणी ओतले, नंतर ट्रकचे जळके ऑइल फासले. ते मी चाटले आणि ओकलो. वस्तीवरची पोरे मला पाहून दगड उचलू लागली. मी वाळत चाललो, तशी हरणाबाई माझ्या ॲल्युमिनियमच्या ताटलीत जास्तच दूध ओतू लागली. शेळीचे दूध कमी पडले की स्वतः कोरा चहा प्यायची. ती समोर बसून राहायची आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत चाटून घ्यायचो.

एका संध्याकाळी माळावर ती माझ्या नावाने ओरडत होती. माझ्या कानांत पू भरला होता. विहिरीच्या तळातून यावे तसे काहीतरी पुसट ऐकू आले. मी मान वळवली, तोवर लांडग्याने दोन कोकरे फाडली होती. कोंडीबाने मला मारले नाही. तो एवढेच म्हणाला, "हे कुत्रं आता कामाचं न्हाई. सांगलीला गुळाच्या गाडीतनं न्हेऊन सोडतो."

"आवं, आदी मला सोडा सांगलीत," हरणाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली.

तिथले डॉक्टर प्रबुद्ध कांबळे तरुण होते. त्यांनी माझी कातडी जराशी खरवडून काचेवर तपासली. "मावशी, ही खरूज नाही. हा बारा महिने खाजवतोय. खाण्यातलं काहीतरी ह्याला बाधतंय. आता फक्त भात आणि शिजवलेला हुलगा, जे त्यानं आजवर खाल्लं नाही. दोन महिने दुसरं काही तोंडात जायचं नाही." कानांसाठी त्यांनी औषधही दिले.

हरणाबाईने मनापासून सुरुवात केली. पण मी हुलगा हुंगून तोंड फिरवायचो, उपाशीच पडून राहायचो. तिला ते बघवेना. "एवढंसं दूध. दुधानं कुनाला काय हुतंय?" ती पुटपुटायची आणि वाटी पुढे करायची. खाज थांबली नाही. डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने दूध दिल्याचे कबूल केले. पथ्य पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि या वेळी माझी ताटली कोंडीबाने आपल्याकडे घेतली. हळूहळू मी पाय चावायचे विसरलो. पोटावर लव आली.

"आता खात्री करू," डॉक्टर म्हणाले. "थोडं दूध द्या." हरणाबाईने आपल्या हाताने पाजले. दोन दिवसांत मी पुन्हा अंग ओरबाडू लागलो.

"म्हंजी मीच पाजलं का ह्याला?" तिने दवाखान्यात विचारले.

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, मावशी."

"आन् कान?"

डॉक्टरांनी माझ्या कानांत बॅटरीचा उजेड टाकला. "कान आतून खराब झालेत. उशीर झाला. दूध टाळलं तर कातडी बरी राहील. ऐकणं परत येणार नाही."

ती पायरीवर बसली ती उठेचना. तिचे रडणे मला ऐकू आले, अगदी पुसट. त्यानंतर माणसाचा आवाज ऐकल्याचे मला आठवत नाही.

मित्रांनो, तुमचे कुत्रे बारा महिने खाजवत असेल, पाय चाटत असेल, त्याचे कान पुन्हा पुन्हा वाहत असतील, तर त्याला ऑइल फासू नका, दगड मारू नका. वेळेवर डॉक्टरांकडे न्या. त्याच्या ताटलीत काय पडते ते नीट बघा. जे बाधते, ते घरातल्या कोणीच देऊ नका, अगदी मायेनेसुद्धा. आम्हाला बोलता येत नाही, आणि काय बाधते ते आम्हाला कळतही नाही. हात तुमचा असतो, म्हणून आम्ही खातो.

कोंडीबाने नवे पिल्लू आणले आहे. सकाळी मेंढरांबरोबर ते जाते. मी बघत राहतो. दुपारी हरणाबाई माझ्याजवळ येऊन बसते. तिचे ओठ बराच वेळ हलत असतात. काय म्हणते कोण जाणे. मी तिच्या तोंडाकडे बघून शेपटी हलवतो, तेव्हा ते ओठ थांबतात आणि तिचा हात माझ्या कानांवरून फिरतो.