दोन गाठींची जुडी

"क्लारिता, भाताच्या कुठल्या जुड्या काढल्यास गं?"

"कोठीतल्या, मावशी. पुढच्या संपल्या, म्हणून मागच्या घेतल्या. अख्खा डोंगर जेवायला आलाय." शेजारच्या क्लारिताने मुसळ थांबवलंही नाही.

इंदांगानने उखळाशेजारी पडलेला वेताचा बंद उचलला. त्याला दोन गाठी होत्या. दोन गाठी म्हणजे बियाणं. पण ही खूण घरापुरतीच. क्लारिताला कुठून कळणार? गाठी मारणारी दिनाया, इंदांगानची एकुलती एक लेक, खाली अंगणात मरणाच्या खुर्चीत होती; गेलेल्या माणसाला त्यांच्यात निरोपापर्यंत असं बसवून ठेवत.

दिनायाची पाठ लहानपणापासून अधू. तण बेणायला वाकली की रात्रभर कण्हायची. म्हणून दर कापणीआधी इंदांगान एकटीच शेतात शिरायची आणि ज्या रोपांच्या पायाशी तण धरलं नाही, त्यांच्याच लोंब्या बियाण्याला खुडायची. केस पिकले तेव्हा कुठे असं वाण हाती आलं, की त्याच्या मुळांपाशी तणाची डाळ शिजेना.

"आई, हा भात अगदी तुझ्यावर गेलाय," दिनाया बांधावर बसून चिडवायची. "शेजारी कुणाला नांदू देत नाही!"

"तुझी पाठ वाचली ना, भवाने? मग झालं तर."

पाठ वाचली, लेक तापाने गेली.

"मावशी, काही चुकलं का?" क्लारिताने आता मुसळ खाली ठेवलं. तिच्या हातात शेवटची जुडी होती.

एवढी जुडी ठेवली असती तरी वाण तगलं असतं. इंदांगानने हात पुढे केला. खाली माणसं पानांवर बसली होती, शेवटची पंगत अजून व्हायची होती. दिनायाच्या नावाने आलेलं कुणी उपाशी परतलं असतं, तर ते इंदांगानला सोसलं नसतं. आणि जपायचं तरी आता कुणाच्या पाठीसाठी?

"काही नाही गं," तिने हात मागे घेतला. "कांड."

त्या वर्षी तिने क्लारिताकडचं बियाणं लावलं. रोपं धरली तशी त्यांच्यामधून तणही तरारून आलं. बाकीच्या बायका आपापल्या शेतात होत्या. इंदांगान चिखलात एकटीच वाकून तण उपटत होती. कंबर भरून आली तेव्हा ती हळूच सरळ झाली आणि रिकाम्या बांधाकडे वळली.

"बघ गं बाई," ती म्हणाली, "आता सगळ्यांना नांदू देतोय."

मग ती पुन्हा वाकली आणि पुढची ओळ धरली.