भिंतीवरचा अंगठा

माझ्या सवतीला तोंड नव्हतं, नाव नव्हतं, वय नव्हतं. होता तो नुसता उजव्या हाताचा अंगठा, आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनच्या बरोबर समोर, काचेच्या चौकटीत एकोणीस वर्षं टांगलेला होता. हसू नका. ज्या बाईच्या नवऱ्याने दुसरी ठेवली, ती निदान तिच्या दारात जाऊन चार शिव्या हासडून येते. मी कुणाच्या दारात जाणार होते?

आमचे हे पोलिसांच्या ठसे विभागात. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची बोटं बघत बसले, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. मी शाळेचे गणवेश शिवते. एकदा एका घड्याळजीच्या दुकानात चोरी झाली. म्हाताऱ्याच्या डोक्यात कुणीतरी मागून घातलं. बिचारा वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. काउंटरच्या काचेवर एकच अंगठा सापडला आणि तो दुकानातल्या कुणाचाच नव्हता. तेव्हा सगळ्या जुन्या गुन्हेगारांच्या बोटांच्या पत्रिका कपाटात असायच्या. ह्यांनी त्या एकेक काढून ताडून पाहिल्या. दोन वर्षं पाहिल्या. कुणाशी जुळेना, तेव्हा वरच्यांनी फाइल बंद केली. ह्यांनी काय केलं? त्या अंगठ्याचा ताटाएवढा फोटो करून घेतला आणि घरी आणला.

"अगं, हे चक्र तर बघ," म्हणाले, "मधोमध कसं घट्ट आहे! आणि इथे रेष दुभंगते आणि लगेच पुन्हा एक होते. लाखात एखादीचं असं असतं."

"एखादीचं?"

"रेषा बारीक आहेत, ठसा लहान आहे. बाईचाच असणार."

झालं. त्या दिवसापासून त्या बयेने माझ्या घरात ठाण मांडलं. सकाळचा चहा तिच्यासमोर. ऑफिसला जाताना तिच्याकडे एक नजर. मी नवीन कपडे घालून समोर उभी राहिले तर म्हणायचे, "जरा बाजूला हो, उजेड अडतोय." लोक म्हणतात, मत्सर करायला काहीतरी कारण लागतं. अहो, मला मत्सर वाटायचा, चांगला कडकडीत वाटायचा, आणि कारण भिंतीवर टांगलेलं होतं. ह्यांच्या हाताखाली शिकलेली एक हुशार, देखणी मुलगी आता विभागाची प्रमुख आहे. तिचा मला कधी हेवा वाटला नाही. ती हाडामांसाची होती, ती मला काकू म्हणते.

हे निवृत्त झाले आणि वर्षभरात त्या शिष्येचा फोन आला. विभागात नवा संगणक आला होता. जुने न जुळलेले ठसे त्याला खाऊ घालायचे, की तो नव्या-जुन्या सगळ्या नोंदी चाळतो आणि जवळची वीस नावं काढून देतो. पुढे माणसाने भिंग घेऊन ठरवायचं. घड्याळजीच्या काचेवरचा अंगठा घातला, तर पहिलंच नाव एका बाईचं निघालं. पाळणाघरात स्वयंपाकाच्या कामाला लागायचं म्हणून तिने गेल्याच महिन्यात आपली दहा बोटं दिली होती. लहान मुलांमध्ये काम करणाऱ्यांची अशी तपासणी होते. बाई आपल्या पायाने चालत आली होती.

"सर, खुणा तुम्ही काढलेल्या आहेत. ताडून बघायला तुम्ही याल का?"

याल का! ह्यांनी दाढी केली. नवा सदरा काढला. आरशासमोर उभं राहून केस मागे बसवले, पुढे घेतले, पुन्हा मागे बसवले. आमच्या लग्नाला हे तासभर उशिरा आले होते, आणि त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसले.

ठसा जुळला. दुसऱ्या तज्ज्ञाने ह्यांचं मत न ऐकता वेगळं तपासलं, त्याचंही तेच आलं. चार दिवसांनी बाईला चौकशीला बोलावलं. मी म्हटलं, मी येणार. कशाला, म्हणाले. म्हटलं, डबा घेऊन. खरं सांगायचं तर मला तिला बघायचं होतं.

कशी असेल, किती गोरी असेल, एकोणीस वर्षं मी काय काय रंगवलं होतं! आणि बाकावर बसली होती एक ठेंगणी, पन्नाशीची, पदराला हात पुसणारी बाई. समोर अंगठ्याचा फोटो ठेवला तशी ती रडायलाच लागली. भाऊ चोरीला गेला होता, मी दाराशी उभी होते, त्याने म्हाताऱ्याला मारलं तशी घाबरून काचेला हात टेकला, असं सगळं भडाभडा बोलली. भाऊ कुठे आहे विचारलं तर म्हणे ठाऊक नाही, त्या दिवसापासून तोंड बघितलं नाही. मला तिची दयाही आली, नाही असं नाही. मग तिने डोळे पुसत ह्यांना विचारलं, "एवढी वर्षं सांभाळून ठेवलात माझा अंगठा?"

आणि हे म्हणाले, "रोज बघत होतो."

काय आवाज होता तो! तेहतीस वर्षं संसार केला, त्या आवाजात मला कुणी 'मीठ दे' म्हटलं नव्हतं. डबा तिथेच बाकावर ठेवला आणि घरी आले. जळले मी, अगदी आतून जळले.

घरी आल्यावर ती चौकट खिळ्यावरून उतरवली. आपटणारच होते. पण मग एक गोष्ट डोक्यात आली. काच स्वच्छ पुसली आणि तिच्या अंगठ्याच्या बरोबर मधोमध माझा उजवा अंगठा दाबून ठेवला. चौकट टेबलावर पालथी घातली. मनात म्हटलं, बघू ओळखतात का. ओळखलं तर एकोणीस वर्षं माफ. नाही ओळखलं तर मी चालले बहिणीकडे, कायमची. कपडेसुद्धा भरून ठेवले.

संध्याकाळी हे आले, चौकट उचलली आणि तिरपी धरून उजेडात बघितली. चेहरा पडला.

"घरात कोण आलं होतं?"

"मला विचारताय?"

"तो भाऊच आला असणार! तिला पकडल्याचं कळलं असेल. धमकी आहे ही." लगेच कपाटातून काळी पूड आणि ब्रश बाहेर निघाला. ब्रश फिरवला, माझा अंगठा उमटला, चिकटपट्टीने उचलून कार्डावर घेतला. मी चहा ठेवला आणि शेजारी येऊन बसले. म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील.

"पुरुषाचा आहे," म्हणाले.

"हो का?"

"रेषा झिजल्यात. आडवा व्रण आहे. गवंडी किंवा लोहार. जड कामाचा हात."

"शिवणकाम करणाऱ्या बाईचा नसेल?" मी अजून एक संधी दिली. देवाला साक्ष ठेवून सांगते, दिली.

हे हसले. "शिवणकामाचा हात इतका राठ नसतो गं. तुला नाही कळायचं त्यातलं."

मला नाही कळायचं! ज्या हाताने कात्री धरून गावातल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्या बेतल्या, तो हात त्यांच्या नाकासमोर कप धरून होता. त्यांनी कप घेतला. हाताकडे बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बॅग पलंगाखाली होती. त्याच वेळी उठायला हवं होतं. पण वेडी आशा असते माणसाला, मी दोन दिवस थांबले.

दोन दिवस ह्यांनी दाराला जादा कडी लावली. खालच्या मजल्यावरच्या गवंड्याकडे संशयाने बघितलं. त्याने विचारलं, "काका, माझं काही चुकलं का?" कार्ड विभागात पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शिष्येचा फोन आला. ह्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्याने लावलेला असतो. मी काज करत होते.

"सर, त्या भावाची जुनी नोंद आहे, पण हा ठसा त्याचा नाही. बाकीही कुणाशी जुळत नाही. घरातल्या माणसांचे ठसे घेऊन वगळले होते ना?"

हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. चोराला शोधायच्या आधी घरच्यांची बोटं घ्यायची, आणि ती बाजूला काढायची. ह्यांनीच शिकवला होता तिला.

"घरातलं कोण?" हे म्हणाले. "घरात कुणी नसतं."

मग ती पोर हळूच म्हणाली, "सर... काकू?"

हे वळले. मी सुई कापडात खोचली, उठले, आणि उजवा हात त्यांच्यासमोर टेबलावर पालथा नाही, उताणा टाकला.

"घ्या. बघा गवंडी."

शाईची पाटी काढली. माझा अंगठा धरला, शाईवरून फिरवला, कागदावर फिरवला, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग भिंग लावलं. विभागात पाठवलेल्या कार्डाची प्रत शेजारी होती. एक रेष बघितली, दुसरी बघितली, आणि भिंग आडव्या व्रणावर आणून थांबवलं.

"हा व्रण कधीचा?"

"कात्री घुसली होती. चार टाके पडले. तुम्ही तिच्या फोटोसमोर बसला होतात तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाजूला हो, उजेड अडतोय."

मान खाली घालून त्यांनी बाकीची बोटं घेतली. एकेक करून, दहाही. कितीतरी वर्षांनी त्यांनी माझा हात एवढा वेळ धरला होता, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पण ठरलं ते ठरलं. हात धुतले, बॅग काढली आणि बहिणीकडे आले. त्यांनी जिन्यापर्यंत येऊन दोनदा हाक मारली. मी वळले नाही.

पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी फोन आला. मी मनाशी ठरवलं होतं, चूक झाली म्हणाले तर लगेच निघायचं नाही, थोडं ताणायचं, मग निघायचं.

"अगं," म्हणाले, आणि तोच आवाज होता, त्या बाईशी बोलले होते तो. "तुझ्या अनामिकेवर शंख आहे, आणि त्याच्या पोटात एवढंसं चक्र! तीस वर्षांत असं मी पाहिलं नाही गं. मोठा फोटो करून लावलाय, तिचा काढून टाकला. सकाळपासून त्याच्याच समोर बसलोय."

मी इथे बहिणीच्या स्वयंपाकघरात उभी, आणि हे तिथे माझ्या बोटासमोर चहा पितायत. मला काय वाटलं असेल सांगा? आनंद? मला त्या बोटाचा हेवा वाटला. माझ्याच बोटाचा, हो!

"ते भिंग खाली ठेवा," मी म्हटलं, "आणि मला न्यायला या."

"येतो, येतो," म्हणाले, "एवढी डावी करंगळी बघून होऊ दे."