काळ्या मातीवरचा मुरूम

सकाळी उन्हं वर यायच्या आत बाभळीखाली जत्रा भरलेली असायची. आमच्या गावाला पाणी टँकरचं, तेही आलं तर. त्या पाण्यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात. पण त्या आठवड्यात घरटी एक भरलेली घागर निघत होती आणि एका दगडावर रिकामी होत होती. दगड जमिनीतून वर येत होता. पहिल्या दिवशी नुसता माथा दिसला, दुसऱ्या दिवशी कपाळ, आणि मग शेंदराने डोळे काढण्याइतकी जागा झाली. खोटं कशाला बोलू, मी स्वतः पाहिलं. दगड खरोखरच वर येत होता.

"आई तान्हेली हाय गं बायांनो!" कोंडीबा महाराज घसा फोडून ओरडायचा. "सातशे वरसं पाताळात हुती. वता! जितकं वताल तितकी वर यील!"

हे सातशे कुणी मोजले, ते विचारायची सोय नव्हती. महाराज उंब्रजकडून मोटरसायकलवर आला होता. देवीने त्याला स्वप्नात जागा दाखवली म्हणे, आणि ती नेमकी डांबरी रस्त्याच्या कडेला, मांडव घालायला आणि गाड्या लावायला ऐसपैस. पाताळात राहून देवीला पार्किंगचं बरं कळतं, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हटलं. कुणी हसलं नाही. मुख्याध्यापकांची घागरही सकाळीच रिकामी झाली होती.

मी मूळची सांगलीतल्या विश्रामबागेतली, इथल्या शाळेत इतिहास शिकवते. नुसत्या दगडाचं प्रकरण असतं तर मी दोन टोमणे मारून गप्प बसले असते. पण सातवीतली स्वप्नाली शाळेत येईनाशी झाली.

स्वप्नालीला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचलं तरच ती जगणार. आई नाही, बाप धनाजी फौजेत, पार सीमेवर. सांभाळायला एकटी आजी, साळूबाई. जन्म मेंढरांमागे गेलेली ही बाई सुई धरायला शिकली होती, रोज न चुकता नातीला टोचत होती. महाराजाने तिला गाठलं. "सुईनं रगात नासतं, म्हातारे. आई पुरी वर आली की तुजी नात बरी झाली म्हून समज. तवर सुई न्हाई. हितली माती दे, आन् आईला पानी घाल."

साळूबाईने औषध कोनाड्यात ठेवून दिलं.

मी घरी गेले तेव्हा पोर घोंगडीवर पडून पाणी मागत होती. तांब्या संपला की पुन्हा पाणी. श्वास भराभर चाललेला, तोंडाला नासलेल्या फळासारखा वास. मी म्हटलं, "आजी, हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्यायला हवं. ही मरेल."

"आवं बाई, तिची तान म्हंजे आईचीच तान हाय. म्हाराज म्हणालं तसं." साळूबाई दारात आडवी उभी राहिली. "उंद्या आई वर यील."

मी रुग्णवाहिका बोलावली. मांडवाचा खर्च करणाऱ्या गुंडा नावाच्या गावपुढाऱ्याने आणि त्याच्या माणसांनी ती वेशीवरूनच माघारी धाडली. धनाजीचा फोन लागत नव्हता. संताप संताप झाला, आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच महिन्यात मी सातवीला उत्खनन शिकवत होते. द्राक्षांच्या क्रेटमध्ये पोतं अंथरून त्यावर थर रचले होते: तळाला मुरूम, मग राख मिसळलेली पांढरी माती, वर काळी. मधे खापरं, फुटक्या बांगड्या, एखादं हाड. मुलं खुरपी, चमचे आणि रंगाचे ब्रश घेऊन एकेक थर हलक्या हाताने काढायची. खालचं ते जुनं, वरचं ते नवं, हा पहिला नियम. समीक्षाच्या क्रेटमध्ये मी मुद्दाम खड्डा करून, अगदी तळाशी पेनाचं टोपण पुरून ठेवलं होतं. "बाई, खापराच्या आधी पेन हुता व्हय?" असं म्हणून ती स्वतःच खुदकन हसली, आणि मग क्रेटवर वाकून म्हणाली, "न्हाई. हितली माती मिसळल्याली हाय. कुणीतरी उकरून पुन्ना भरलीया."

समीक्षा स्वप्नालीच्या बाकावरची. रुग्णवाहिका माघारी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकत माझ्याकडे आली. "बाई, दगडाच्या भवती काळ्या मातीत मुरमाचं खडं हायती. आपल्या क्रेटात हुतं तसंच."

मी तिला घेऊन तशीच बाभळीखाली गेले. साळूबाई घागर ओतून हात जोडून उभी होती.

"आज्जी," समीक्षा म्हणाली, "हितं काळी माती किती खोल हाय?"

"कमरंइतकी. खाली मुरूम."

"मग खालचा मुरूम वर कसा आला?"

साळूबाईने खाली पाहिलं. आयुष्यभर जी माती तुडवली, ती तिने चिमटीत धरून चोळली. मुरमाचा खडा बोटात टोचला.

महाराजाचा आवाज चढला. "हात लावू नगा! जो उकरील त्याचा वंस बुडंल!"

समीक्षाने दप्तरातून खुरपं काढलं. साळूबाईने ते तिच्या हातातून घेतलं. "तू लांब हो. माज्या नातीचा जीव टांगलाय. कोप हुयाचा तर माज्यावर हुंदे."

गुंडा पुढे झाला, पण म्हातारीच्या अंगाला हात लावायची त्याची छाती झाली नाही. वरची माती खरवडताच आतली भेसळ माती आणि बाहेरची घट्ट काळी माती यांच्यामधली गोल कड सरळ दिसली. खड्ड्याची कड. समीक्षा सांगत गेली, तसा साळूबाईने दगडाच्या एकाच बाजूचा भाग कापून काढला. दगडाखाली पत्र्याचा डबा होता. डब्यात फुगून टचटचीत झालेले हरभरे, काहींना मोड आलेले, आंबूस वास सुटलेला.

समजावून सांगायला फार काही नव्हतं. कोरडे हरभरे डब्यात भरायचे, वर दगड ठेवायचा, माती लोटायची. पाणी झिरपलं की हरभरा फुगतो. डब्याच्या बाजू पक्क्या, म्हणून जोर वरच्या दगडावर. वरचे आधी भिजतात, मग खालचे, म्हणून दगड रोज थोडा थोडा उचलला जातो. महाराजाला हातही लावावा लागत नव्हता. बायकांच्या घागरी त्याचं काम करत होत्या.

"म्हंजे मीच वर काडला ह्याला," साळूबाई म्हणाली. मग खुरपं टाकून ती घराकडे पळत सुटली.

जीप मिळाली. आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा स्वप्नाली हाकेला ओ देत नव्हती. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. संध्याकाळी बाहेर येऊन ते म्हणाले, "काल आणली असती तर..." आणि थांबले. पोर गेली.

महाराजाला पोलिसांनी नेलं. मला वाटलं, आता गावाचे डोळे उघडतील. कसले उघडतायत! पोरीचं दहावं होण्याच्या आतच गुंडा सांगत फिरू लागला, "म्हाराज बोलला तसंच झालं का न्हाई? उकरलं आन् वंस बुडाला. त्या समीक्षानं म्हातारीच्या डोस्क्यात भरवलं." बायका समीक्षाच्या आईशी बोलेनात. शेवटी पंधरा-वीस माणसं तिच्या दारात जमली. पोरीने ओलेत्याने दगडाला प्रदक्षिणा घालून माफी मागावी, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. आत समीक्षा आईला विचारत होती, "आई, माज्यामुळं गेली का गं ती?"

तेवढ्यात साळूबाई आली. तिला पाहून गर्दी बाजूला झाली.

"कोप झाला म्हंतासा?" ती गुंडासमोर उभी राहिली. "आरं, उकरलं मी. पोरीनं न्हाई. कोप हुयाचा तर मी मेले आसते. आन् माजी नात उकरायच्या आदीच मरणाला टेकली हुती. ती सुई बंद किली म्हून गेली. सुई मी बंद किली. गाडी तू माघारी लावलीस, गुंडा. देवीचं नाव कशाला घेतूस रं?"

मग ती गर्दीकडे वळली.

"ह्या पोरीनं दगडाखालचं दावलं, म्हून मी दार सोडलं. त्ये आदल्या दिशी सोडलं आसतं तर माजी सपना आज साळंत आसती." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "सगळ्यांनी आयका. दगड वर आला म्हून कुणी सांगितलं, तर आदी खाली उकरून बगा. आन् घरात मानूस आजारी आसंल, तर उकरत बी बसू नगा. आदी दवाखान्यात न्या."