सुनेला लावलेलं वळण

"मीही येऊ का रे तुमच्याबरोबर?" मालसुननं शेवटी विचारलं, तेव्हा टेम्पोत सामान भरूनही झालं होतं.

मुलगा, क्यूचॉल, दोरी आवळत राहिला. त्याला शहरातल्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि आईनं गावातच राहायचं हे न बोलताच ठरून गेलं होतं. त्याच्याकडून काही व्हायचं नाही हे मालसुनला पक्कं ठाऊक होतं; तो बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. सून एकदा 'चला' म्हणाली असती, तर मालसुन अंगावरच्या कपड्यांनिशी टेम्पोत चढून बसली असती.

ही सून, न्हुंग, व्हिएतनामहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला इथल्या रीतींतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. सासूला अगंतुगं करायची, बाजारात तिच्या कमरेला विळखा घालून चालायची, थोरांनी चमचा उचलायच्या आत जेवायला लागायची. पितरांच्या पूजेला सगळं गोत जमलेलं असताना तर तिनं आपल्याच जेवायच्या काड्यांनी माशाचा तुकडा सासूच्या तोंडात भरवला. म्हणाली, "खा ना गं, सकाळपासून राबतेयस."

थोरल्या जाऊबाई फिसकन हसल्या. "मालसुन, सून आणलीस की मैत्रीण?"

मालसुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर तो घास तिला फार गोड लागला होता. आई गेल्यापासून तिला कुणी भरवलंच नव्हतं. पण चारचौघांत शोभा झाली होती. तिनं पोरीच्या हातातल्या काड्या हिसकावून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तिला वळण लावायचा चंगच बांधला. पेला द्यायचा तो दोन्ही हातांनी. थोरांसमोर प्यायचं तर तोंड बाजूला करून. अंगाला हात लावायचा नाही, थोरांच्या बोलण्यात पडायचं नाही. चुकली की तिला भरल्या ताटावरून उठवायची. पोरगी रडली, मग गप्प झाली, आणि शिकली. इतकी शिकली की ती घरात आहे की नाही हेही कळेनासं झालं.

आता ती अंगणात पोटाशी हात जुळवून, खाली बघत उभी होती.

"तूच सांग गं," मालसुन म्हणाली. "नेशील का मला?"

"थोरांच्या गोष्टीत मी काय बोलणार, आई?" न्हुंग अदबीनं म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मालसुनला निदान भांडता तरी आलं असतं.

न्हुंगनं सासूला ओट्यावर बसवलं आणि जमिनीला कपाळ टेकवून रीतसर नमस्कार केला. तिला ओढून जवळ घ्यावं म्हणून मालसुनचे हात पुढे झाले, पण मान खाली घातलेल्या न्हुंगला ते दिसले नाहीत. मग थोरांकडे पाठ होऊ नये म्हणून ती उलट्या पावलांनी मागे मागे सरकत टेम्पोपर्यंत गेली. नजर तिनं एकदाही वर केली नाही.

टेम्पो वळणाआड गेल्यावर जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय वळण लावलंस गं! आमच्या इथल्या सुनासुद्धा आता एवढं करत नाहीत."

मालसुन "हो" म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.