बाहेरचं बाहेर

लालसिंग भुमक्यानं जन्मात एकदाच शहाणपणा पाजळला, आणि त्यातच गावाचं वाटोळं झालं.

भुमका म्हणजे गावाचा पुजारी. पूर्वेकडल्या जंगलमुलखातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी सालईटोला नावाची अठरा घरांची वस्ती. दरसाल ते गाव 'बांधायचं' काम लालसिंगचं. गावदेवी मातामायच्या दगडापासून निघायचं, शिवेवरच्या झाडाझाडात खिळा ठोकायचा, राख सोडायची आणि फिरून दगडाशी येऊन म्हणायचं, "आतलं आत राखजो माय, बाहेरचं बाहेर." मग वाघाची काय बिशाद!

एका उन्हाळ्यात जंगलखात्याचा मोजणीसाहेब आला. सोबत मुनशी गुलाबचंद. मुनशीनं विचारलं, "गाव की हद कहाँ तक है?" झालं, लालसिंगची छाती फुगली. तीन दिवस त्यानं दोघांना शीव फिरवली, खिळान् खिळा दाखवला. "हा मातामायचा दगड हालला का सारा बांध सुटला, समजा," हेही बजावलं. मागून मोजणीचे मजूर, खलाशी, खुंट्या ठोकत येत होते.

"काऊन येवढं दाखवून राहिले?" बायको, फुलवंता, करवादली. "आता चुलीतली राख बी दाखवा!"

"तुले काय समजते? सरकार बी आपलं गाव बांधून राहिलं."

अरे देवा! पावसाळ्याआधी त्याच खुंट्यांवर काटेरी तार चढली, मधोमध बंगल्याचा पाया खणला गेला आणि अठराही घरांना नाल्यापलीकडे हाकललं. लालसिंगनं मुनशीचे पाय धरले. "हे काय बनवून राहिले, मालक?"

"कंपाउंड," गुलाबचंद म्हणाला. वर अक्कलही शिकवली. हा शब्द मूळचा साहेबलोकांचा नाहीच म्हणे, दर्यापारच्या मलायी लोकांकडून उचललेला. साहेबानंच सांगितलं होतं. तिकडं त्याचा अर्थ वस्ती, गाव.

"गाव?" लालसिंगनं नाल्याकडे बोट केलं. "मंग मानसं काऊन बाहेर?"

मुनशीनं लालसिंगला फाटकाबाहेर काढलं.

नाल्यापलीकडे दिवाळीपर्यंत वाघानं दोन माणसं नेली. दुसरा सुकराम, फुलवंताचा सख्खा भाऊ. लोक भुमक्याच्या अंगावर धावून आले. "बांध ना गा हे गाव! कायले भुमका झाला तू?" बांधणार कसं? दगड तारेच्या आत, आणि दगडाशिवाय बांध सुरूच होत नाही. पाच वेळा तो दगड मागायला गेला. पाचही वेळा एकच उत्तर मिळालं, तारेच्या आतलं सगळं सरकारचं.

मग वाघ बंगल्याभोवतीच घिरट्या घालू लागला. खलाशी काम सोडून पळायला लागले, तेव्हा मुनशीनं स्वतः बोलावणं धाडलं. "कंपाउंड बांधून दे. मग ने तुझा दगड."

दगड हलला की यांचा बांध सुटणार, हे लालसिंगला पक्कं ठाऊक होतं. सुटू दे मेला! त्याला आपली माणसं जगवायची होती. दुपारी सगळी वस्ती तारेपाशी येऊन उभी राहिली, दगड उचलायला कावड घेऊन. लालसिंगनं फेरी पुरी केली, दगडासमोर बसला. शेवटचं बोलणं तेवढं राहिलं. मान वर केली तर तारेपलीकडे फुलवंता, सुकरामची पोरं, सगळी आपलीच, आणि सगळी बाहेर. पण न बोलता दगड मिळणार नव्हता.

"आतलं आत राखजो माय," तो म्हणाला. "बाहेरचं बाहेर."

आणि त्यानं दगडाला हात घातला.

"रुक!" गुलाबचंदनं मनगट धरलं. "दगड हलला की बांध सुटतो, तूच सांगितलंस ना?"

लालसिंग रडला, लोळला, त्यानं शिव्या दिल्या. खलाशांनी त्याला उचलून फाटकाबाहेर टाकलं. वस्तीतलं कुणी त्याला उठवायला आलं नाही. सगळ्यांनी ते शब्द ऐकले होते.

फुलवंतानं रिकामी कावड खांद्यावर घेतली.

"उठा," ती म्हणाली. "माय आइकते तुमचं. आता आमचं कोन आइकन?"

आणि ती नाल्याकडे चालू लागली.